अपस्ट्रीमने न घेतलेला पॅच शाळांना द्यावा का?

प्रश्न

ताई, आम्ही चौघं मिळून शाळांसाठी डेबियनवर बेतलेला एक छोटा डिस्ट्रो, म्हणजे लिनक्सचा तयार संच, बांधतो. मराठी कळफलक, मराठी मेनू, अभ्यासाची साधनं सगळं आधीच घातलेलं. सध्या तेरा शाळांच्या संगणक खोल्यांत तो चालतो. आमच्या कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, दोन गोष्टी बाहेरच्या आहेत. एक एयूएफएस या थरांच्या फाइलसिस्टमचा पॅच, म्हणजे मूळ कोडवर चढवलेला बदल. मुलांनी काहीही उचकटलं तरी मशीन बंद करून चालू केलं की सगळं होतं तसं. दुसरा स्वस्तातल्या वायफाय डोंगलचा ड्रायव्हर. तो चिप बनवणाऱ्या कंपनीच्या कोडवरून कुणीतरी जुळवलेला आहे. दोन्ही गोष्टी आमच्यातले दादा पाच वर्षं सांभाळत आलेत. डेबियन १२ चा कर्नल घेऊन ते त्यावर हे चढवतात.

आता त्यांना वेळ मिळत नाही. डेबियनचा नवा कर्नल आला, त्यात एयूएफएस बसेना, म्हणून गेले दोन महिने आम्ही शाळांना कर्नलचं एकही सुरक्षा अपडेट दिलेलं नाही. नवा आलेला मुलगा म्हणतो, अपस्ट्रीमने, म्हणजे मूळ कर्नल सांभाळणाऱ्यांनी, जे घेतलं नाही ते वाटायचा आपल्याला अधिकारच नाही. दादा म्हणतात, अमेरिका-जर्मनीत बसलेल्यांना आपल्या शाळांशी काय देणंघेणं, मुलांचं काम चाललं पाहिजे. मागच्या बैठकीत आवाज चढले. मी मध्ये अडकले आहे. बरोबर कोण?

— मधली, सातारा जिल्हा

उत्तर

बरोबर कोण ते पुढे पाहू. तुझ्या पत्रातली सगळ्यात गंभीर ओळ तू सहज लिहून गेली आहेस: दोन महिने सुरक्षा अपडेट नाही. भांडण मिटेपर्यंत हे थांबता कामा नये. या आठवड्यात डेबियनचा कर्नल जसाच्या तसा, एकही पॅच न लावता, एका शाळेतल्या एका मशीनवर घाल आणि काय काय अडतं ते लिहून काढ. पुढचं सगळं त्या कागदावर ठरणार आहे, मतांवर नाही.

मी यावर एवढा जोर देते आहे कारण हे मी स्वतः केलं आहे. २००६-०७ च्या सुमारास एका संस्थेचा सर्व्हर माझ्याकडे होता. त्याच्या डिस्क कंट्रोलरचा ड्रायव्हर मूळ कर्नलमध्ये नव्हता, कार्डाबरोबर आलेल्या सीडीवरून घ्यावा लागे. एका शनिवारी संध्याकाळी मी कर्नल अपडेट करून मशीन रिबूट केलं आणि त्याला रूट डिस्कच सापडेना. मशीन सुरू करणाऱ्या ग्रबच्या यादीत जुना कर्नल होता म्हणून त्या रात्री निभावलं. नुकसान त्या रात्री झालं नाही, ते त्यानंतर झालं. भीतीने मी त्या मशीनचे कर्नल अपडेट बंद केले आणि सव्वा वर्ष बंद ठेवले. माहीत असलेली, दुरुस्त झालेली भोकं घेऊन तो सर्व्हर सव्वा वर्ष नेटवर उभा होता, आणि तो व्यवस्थित चालतोय असंच सगळ्यांना वाटत होतं.

बाहेरच्या कोडची किंमत अशी चुकती होते. मशीन कोसळलं तर निदान कळतं तरी. बहुतेक वेळा काहीच कोसळत नाही, फक्त येणाऱ्या दुरुस्त्या दारात अडून राहतात. तुमच्याकडे आज तेच चाललं आहे.

हे का होतं ते त्या नव्या मुलालाही नीट माहीत असू दे. लिनक्स कर्नल बाहेरच्या प्रोग्रामांना दिलेला शब्द पाळतो, वीस वर्षांपूर्वीचा प्रोग्राम आजच्या कर्नलवर चालावा याची काळजी घेतो. कर्नलच्या पोटातल्या कोडला मात्र असं कसलंच वचन नाही. आतल्या फंक्शनांची नावं, त्यांना काय द्यायचं, कुलूप कुणी कधी लावायचं, हे सगळं हवं तेव्हा बदलतं. साधारण नऊ-दहा आठवड्यांनी नवी आवृत्ती येते. जो कोड कर्नलच्या झाडात, म्हणजे मूळ कोडसंचात, आहे तो बदल करणाराच दुरुस्त करून देतो. बाहेरचा कोड ज्याचा त्याने जुळवायचा. वायफायचा ड्रायव्हर निदान वेगळा मॉड्यूल, म्हणजे बाहेरून जोडायचा तुकडा, म्हणून बसू शकतो. एयूएफएसला तेवढ्याने भागत नाही, त्याला फाइलसिस्टमच्या सामायिक थरातल्या आतल्या गोष्टी उघड्या करून घ्याव्या लागतात, म्हणजे मूळ कर्नललाच हात लावावा लागतो. त्याच भागात सुरक्षेची दुरुस्ती आली की दोघांची टक्कर. म्हणून तुमचा पॅच बसेना. दादांच्या कौशल्यात काही कमी नाही.

आता दादांची बाजू, कारण ती हलकी नाही. तुमची आयएसओ, म्हणजे बसवायची प्रतिमा, ज्या स्क्वॅशएफएस या दाबून लहान केलेल्या फाइलसिस्टमवर उभी आहे ती २००२ मध्ये निघाली आणि मूळ कर्नलमध्ये आली मार्च २००९ मध्ये, २.६.२९ या आवृत्तीत. मधल्या काळात उबुंटू, फेडोरा या डिस्ट्रोंच्या लाइव्ह सीडी तिच्यावरच चालत. अपस्ट्रीमची वाट पाहत सगळे बसले असते तर सीडी घालून लिनक्स बघणारी एक अख्खी पिढी घडलीच नसती. (मी त्या पिढीची आहे. पुण्यात एका मित्राने दिलेल्या सीडीवर मी पहिल्यांदा लिनक्स पाहिलं.) प्रोग्रामांना लगाम घालणाऱ्या ॲपआर्मरचंही तसंच. उबुंटूने ते २००७ पासून दिलं, मूळ कर्नलने ते घेतलं ऑक्टोबर २०१० मध्ये, २.६.३६ मध्ये. वायरगार्ड हे व्हीपीएन मार्च २०२० मध्ये ५.६ बरोबर आलं. त्याआधी कितीतरी डिस्ट्रो ते वेगळं पॅकेज म्हणून देत होते, आणि लोकांनी वापरून पाहिलं म्हणूनच त्याच्यावर विश्वास बसला. तेव्हा अपस्ट्रीमने घेतलं नाही ते देऊच नये हा नियम इतिहासात टिकत नाही. दिल्याशिवाय कोड वापरला जात नाही, आणि न वापरलेला कोड अपस्ट्रीमलाही नको असतो.

पण स्क्वॅशएफएसचीच गोष्ट पुढे ऐकव दादांना. मूळ कर्नलमध्ये जाताना तिची डिस्कवरची मांडणी बदलली. ४.० मांडणी आली आणि ३.x ने बांधलेल्या जुन्या प्रतिमा मूळ कर्नल वाचेना. लाइव्ह सीडीला त्याने काही बिघडलं नाही, पुढच्या आवृत्तीत नवी प्रतिमा बांधली की झालं. पण कुणी आपला कायमचा साठा त्या जुन्या मांडणीत ठेवला असेल तर त्याचं काय झालं असेल ते बघ. छाननीत कोड बदलतो. त्यासाठीच ती असते.

म्हणून मी पहिला प्रश्न ‘घेतला की नाही’ असा विचारत नाही. मी विचारते, उद्या हा कोड काढून घ्यावा लागला तर वापरणाऱ्याचं काय काय त्याच्याबरोबर जाईल?

यावरचा सगळ्यात महागडा धडा रेड हॅटच्या झेनचा आहे. मार्च २००७ मध्ये रेड हॅटचा डिस्ट्रो आरएचईएल ५ आला, २.६.१८ कर्नलवर, त्यात झेन हायपरवायझर, म्हणजे एका मशीनवर अनेक आभासी मशीनं चालवणारं साधन. झेनचा यजमान बाजूचा कोड तेव्हा मूळ कर्नलमध्ये नव्हता. सगळ्यांना वाटत होतं, येईलच. तो पुरता वापरण्याजोगा झाला ३.० मध्ये, जुलै २०११ ला. दरम्यान त्याच कामाचं केव्हीएम नावाचं दुसरंच काही फेब्रुवारी २००७ मध्ये, २.६.२० मध्ये थेट मूळ कर्नलमध्ये आलं होतं. फेडोराने मे २००८ मध्ये, नवव्या आवृत्तीत, झेनचा यजमान कर्नल देणं थांबवलं. जुन्या कर्नलवरचा झेन दर नव्या आवृत्तीवर ओढत नेणं झेपेना. नोव्हेंबर २०१० च्या आरएचईएल ६ मध्ये यजमान म्हणून झेन नव्हतंच, केव्हीएम होतं. पण आरएचईएल ५ ला अनेक वर्षांचा शब्द दिलेला होता, पुढे तो वाढून दहा वर्षांचा झाला. तो २०१७ पर्यंत पाळावा लागला. आणि ज्या ग्राहकांनी आपली शेकडो आभासी मशीनं झेनवर उभी केली होती त्यांना घर बदलावं लागलं. रेड हॅटसारख्या कंपनीकडे त्यासाठी माणसं होती, पैसा होता. तुमच्याकडे दादा आहेत, रविवार सकाळचे.

दुसरी गोष्ट उबुंटूची, आणि ती तुमच्या विषयाच्या फार जवळची आहे, कारण ती ओव्हरलेएफएसची, म्हणजे एयूएफएससारख्याच थरांच्या फाइलसिस्टमची आहे. इथे कोड बाहेरचा नव्हता. ओव्हरलेएफएस डिसेंबर २०१४ मध्ये ३.१८ बरोबर मूळ कर्नलमध्ये आलं. उबुंटूने त्यात आपला एक छोटा बदल ठेवला, साध्या वापरकर्त्यालाही आपल्या नेमस्पेसमध्ये, म्हणजे स्वतःच्या वेगळ्या कप्प्यात, ते माउंट करता (जोडता) यावं म्हणून. मूळ कर्नलने ही मुभा तेव्हा दिलेली नव्हती. २०१५ मध्ये त्यातून साध्या वापरकर्त्याला रूट, म्हणजे मशीनचे सगळे अधिकार असलेला वापरकर्ता, होता येतं असं निघालं. २०२१ मध्ये पुन्हा. आणि जुलै २०२३ मध्ये विझ या सुरक्षा कंपनीच्या संशोधकांनी आणखी दोन भोकं दाखवली. त्यांच्या अंदाजाने क्लाउडमधल्या उबुंटू यंत्रणांपैकी सुमारे ४० टक्क्यांना त्यांचा धोका होता. या शेवटच्या वेळी काय झालं ते फार शिकवणारं आहे. उबुंटूने २०१८ मध्ये केलेले बदल त्या दिवशी निर्धोक होते. पुढे २०२० मध्ये मूळ कर्नलमध्ये एक भोक सापडलं आणि बुजवलं गेलं. पण उबुंटूच्या बदलांमुळे त्यांच्याकडे आणखी एक वाट तयार झालेली होती, ती कुणी बुजवली नाही. मूळ कर्नलच्या लोकांना ती वाट असल्याचंच माहीत नव्हतं, मग ते कशी बुजवणार? आपण पॅच लावतो त्या दिवशी तो तपासून घेतो. पण त्याच्या आजूबाजूची जमीन हलत राहते, आणि तीही तपासत राहायला हवं हे विसरतो.

एवढी मोठी, पगारी सुरक्षा टीम असलेली मंडळी यात चुकली. हे मी उबुंटूला नावं ठेवायला सांगत नाही. हे काम किती कठीण आहे ते कळावं म्हणून सांगते.

नव्या मुलालाही एक सांग. ‘नाकारलं’ या एका शब्दात तो फार वेगवेगळ्या गोष्टी कोंबतो आहे. झेडएफएस ही फाइलसिस्टम मूळ कर्नलमध्ये नाही त्याचं कारण परवाना आहे, सन कंपनीने २००५ मध्ये तो कोड सीडीडीएल परवान्याखाली खुला केला आणि कर्नल जीपीएल परवान्याखाली आहे. डेबियन त्याचा फक्त स्रोत देतं, तुमच्या मशीनवर बांधायला. उबुंटू २०१६ च्या १६.०४ पासून बांधलेला मॉड्यूल देतं, आणि तो परवान्यात बसत नाही असा आक्षेप सॉफ्टवेअर फ्रीडम कॉन्झर्व्हन्सीने तेव्हाच घेतला. तो वाद कायद्याचा आहे, कोड चांगला की वाईट याच्याशी त्याचा संबंध नाही. याउलट रिअल-टाइमचे, म्हणजे ठरल्या वेळेत काम होईल अशी हमी देणारे पॅच. ते नाकारलेले नव्हते, वाटेवर होते. २००४ च्या आसपास सुरू झालेलं ते काम तुकड्यातुकड्याने आत जात राहिलं आणि शेवटची कडी नोव्हेंबर २०२४ च्या ६.१२ मध्ये बसली. वीस वर्षं! या वीस वर्षांत रेड हॅट, सुसे, उबुंटू या सगळ्यांनी तो कर्नल दिला, पण वेगळ्या नावाने, वेगळं पॅकेज म्हणून. ज्याला हवा त्यानेच घ्यायचा. आणि पॅच सांभाळणारी माणसं दर आवृत्तीला त्यातला थोडा भाग मूळ कर्नलमध्ये पोचवत होती, त्यामुळे बाहेरचं ओझं हळूहळू उतरत गेलं. मला हे उदाहरण फार आवडतं. बाहेरचा कोड द्यायचाच असेल तर असा द्यावा.

कर्नलची सुरक्षा वाढवणारे पॅच देणाऱ्या ग्रसेक्युरिटीचं उलट झालं. एप्रिल २०१७ मध्ये त्यांनी आपले पॅच सगळ्यांना खुले देणं थांबवलं आणि जेंटू या डिस्ट्रोला त्यावरच उभा असलेला आपला हार्डन्ड कर्नल त्याच वर्षी बंद करावा लागला. पाणी एकाच नळाचं होतं.

आता तुझ्या दोन गोष्टी.

एयूएफएस काढ. इथे मला शंका नाही. हा कोड वाईट आहे म्हणून नाही. जुनजिरो ओकाजिमा या जपानी विकासकाने तो वर्षानुवर्षं, दर आवृत्तीला जुळवत, जवळजवळ एकहाती सांभाळला. डेबियन आणि उबुंटूच्या लाइव्ह सीडी त्याच्यावर चालल्या, २०१३ मध्ये प्रोग्राम वेगळ्या डब्यांत चालवणारं डॉकर आलं ते याच्याच खांद्यावर. त्या माणसाबद्दल मला मनापासून आदर आहे. पण मूळ कर्नलने युनियन (थर एकत्र दाखवणारी) फाइलसिस्टम म्हणून शेवटी ओव्हरलेएफएस घेतली, कारण ती लहान होती, वाचून समजण्यासारखी होती. त्यानंतर डेबियनने एयूएफएस आपल्या कर्नलमधून काढलं. २०१७ च्या स्ट्रेच या आवृत्तीत ते कर्नलबरोबर नव्हतं. म्हणजे तुम्ही ज्याच्यावर डिस्ट्रो बेतता त्या डेबियननेच जे खाली ठेवलं, ते तुम्ही चौघं उचलून चालला आहात. डेबियनची लाइव्ह प्रतिमा आज ओव्हरलेएफएसवरच उठते. खाली स्क्वॅशएफएस, वर रॅममधला टीएमपीएफएस. मशीन बंद झालं की वरचा थर गेला, सगळं होतं तसं. तुम्हाला हवं आहे ते नेमकं हेच.

दादा हरकत घेतील, आणि ती खरी असेल: एयूएफएसमध्ये लिहिण्याच्या एकाहून जास्त शाखा ठेवता येतात, ओव्हरलेएफएसमध्ये वरचा थर एकच. तुम्ही मुलांचं साठवलेलं काम दुसऱ्या शाखेत ठेवत असाल तर ते आता तसं जमणार नाही. त्यासाठी डिस्कवर एक वेगळं विभाजन करा आणि मुलांच्या घरच्या फोल्डरवर ते थेट माउंट करा. काम तेवढंच होतं, आणि कुठे काय साठतं ते शिक्षकांनाही समजतं. आणखी एक गोष्ट आधी तपास. खालच्या थरातली फाइल मुलाने उघडून तिच्यात एक ओळ जरी लिहिली तरी अख्खी फाइल वर, म्हणजे रॅममध्ये, उतरते. चार जीबी रॅमच्या मशीनवर खाली एखादी मोठी फाइल असेल, समजा कुठल्या सॉफ्टवेअरचा अवजड डेटाबेस, तर पहिल्याच लिहिण्याला मशीन अडखळेल. ती फाइल वेगळ्या विभाजनावर हलवा.

मुलांचं साठवलेलं काम आधी काढून ठेवा, हे मुद्दाम सांगते. मशीनची बाकी सगळी मांडणी पुन्हा बसवता येते, पण सहावीतल्या मुलीने काढलेलं चित्र गेलं की गेलं.

वायफायचं उत्तर वेगळं आहे. डोंगल लावून एलएसयूएसबी ही आज्ञा चालव आणि चिप कोणती ते बघ. अशा डोंगलांमध्ये रियलटेकची ८८२१सीयू फार आढळते. ती असेल तर तुमचा प्रश्न कुणीतरी आधीच सोडवलेला आहे. रियलटेकचा आपला ड्रायव्हर वायफायचा बराचसा कारभार स्वतःच्या पोटात घेऊन बसतो. कर्नलमध्ये त्यासाठी मॅक८०२११ हा सामायिक थर असताना तो वापरत नाही, म्हणून तसा कोड मूळ कर्नलमध्ये जाणं अवघडच होतं. पण मूळ कर्नलमध्ये आरटीडब्ल्यू८८ हा नीट लिहिलेला ड्रायव्हर होता, पीसीआय कार्डांसाठी. त्याला यूएसबीची जोड जर्मनीतल्या पेंगुट्रॉनिक्स या कंपनीतल्या एका अभियंत्याने दिली, आणि फेब्रुवारी २०२३ च्या ६.२ पासून ८८२१सीयू मूळ कर्नलवर चालते. हे दादांना जरूर सांग. जर्मनीत बसलेल्या ज्यांना आपल्या शाळांशी देणंघेणं नाही असं ते म्हणतात, त्यांच्यातल्याच एकाने त्यांच्या डोंगलचा ड्रायव्हर लिहून ठेवला आहे.

तुमची अडचण एवढीच की डेबियन १२ चा कर्नल ६.१ आहे. एका पायरीने हुकलं! ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ मध्ये ६.१२ आहे, त्यात हे सगळं आहे. म्हणून नवा पॅच जुळवण्यापेक्षा पाया बदला. फर्मवेअरचं, म्हणजे चिपमध्ये भरायच्या कोडचं, पॅकेज डेबियनच्या नॉन-फ्री-फर्मवेअर विभागातून घ्यायला विसरू नका, नाहीतर ड्रायव्हर चढेल आणि डोंगल गप्प बसेल. काही डोंगल लावल्याबरोबर आपण सीडी ड्राइव्ह आहोत असं सांगतात, त्यांच्यासाठी यूएसबी-मोडस्विच लागतं. ते दिसलं की ड्रायव्हर बिघडला असं समजू नका.

चिप दुसरी निघाली आणि मूळ कर्नलमध्ये तिला खरंच काही नसेल, तर तो ड्रायव्हर द्या. हो, द्या. वायफायचा ड्रायव्हर उद्या काढला तरी कुणाची फाइल जात नाही, डोंगल बदलला की झालं. पण तो कर्नलच्या झाडात घुसवून देऊ नका, वेगळं पॅकेज करा. यामागे सोयीपलीकडचं एक कारण आहे. बाहेर बांधलेला मॉड्यूल चढला की कर्नल स्वतःवर खूण करून ठेवतो, टेन्टेड या आकड्यात ४०९६ मिळवतो. मॉड्यूलवर डिजिटल सही नसेल तर आणखी ८१९२. दोन्ही मिळून १२२८८ दिसलं की बिघाडाचा अहवाल वाचणाऱ्याला कळतं, इथे बाहेरचं काही आहे. दादांनी ड्रायव्हर झाडातच घालून बांधला आहे, म्हणून ही खूण उठतच नाही. तुमच्या शाळेतून गेलेला अहवाल डेबियनच्या माणसाला स्वच्छ कर्नलचा वाटेल आणि तो नसलेला दोष शोधत बसेल. दादांचा हेतू तसा नव्हता, मला ठाऊक आहे. पण दुसऱ्याच्या वेळेशी आपण असं वागू नये.

आणि ते पॅकेज शाळेच्या मशीनवर डीकेएमएसने, म्हणजे तिथल्या तिथे मॉड्यूल बांधणाऱ्या साधनाने, बांधू देऊ नका. तिथे कंपायलर नको, हेडर नकोत. अर्धवट बांधणी झाली तर ती दुरुस्त करायला तिथे कुणी नाही. तुमच्याकडे बांधा, एका मशीनवर चालवून बघा, मग पाठवा. सिक्युअर बूट (फक्त सही असलेला कोड चालू देणारी सोय) चालू असलेल्या मशीनवर सही नसलेला मॉड्यूल चढणार नाही, तेव्हा स्वतःच्या किल्लीने सही करून ती किल्ली प्रत्येक मशीनवर एकदा नोंदवावी लागेल. तेरा शाळा फिरावं लागेल. पॅकेजवर सांभाळणाऱ्याचं नाव असू द्या, आणि ज्या महिन्यात ते नवीन कर्नलवर बांधलं जाणार नाही त्या महिन्यात कर्नल पुढे जाईल, ड्रायव्हर मागे राहील, हे शाळांना आधीच सांगून ठेवा. एक आठवडा वायफाय नसण्याची तक्रार मुख्याध्यापक फोन करून करतात. सुरक्षेच्या भोकाची तक्रार करणारा फोन कधी येत नाही.

राहिले दादा. तुझं पत्र मी तीनदा वाचलं आणि मला वाटतं तुझा खरा प्रश्न हा आहे. पाच वर्षं, दर महिन्याला, कुणी न सांगता एका माणसाने हे जुळवून दिलं. त्याच्यासमोर काल आलेल्या मुलाने ‘अधिकारच नाही’ म्हणावं हे लागणारच. बैठकीत पॅच काढण्याचा ठराव मांडू नकोस. आधी त्यांच्या घरी जा, चहाला. डेबियनचा कोरा कर्नल घातलेलं ते एक मशीन बरोबर ने आणि काय अडलं तो कागद त्यांच्यापुढे ठेव. कुठली फाइल वर उतरल्यावर मशीन अडखळतं, कुठल्या शाळेत कुठला डोंगल आहे, हे त्यांच्याइतकं तुमच्यापैकी कुणालाच माहीत नाही. एयूएफएस काढायचं काम त्यांच्याशिवाय होणार नाही, आणि ते त्यांनीच करावं.

नव्या मुलाला एक काम दे. तेराही शाळांतल्या डोंगलांचे यूएसबी क्रमांक गोळा करून आण म्हणावं. आरटीडब्ल्यू८८ च्या तक्त्यात त्यातला एखादा क्रमांक नसेल, चिप तीच असूनही डब्यावरचं नाव वेगळं म्हणून. असं पुष्कळदा होतं. तो क्रमांक न्यू-आयडीच्या फाइलमध्ये लिहून डोंगल चालतो का ते पाहता येतं. चालला, तर मूळ कर्नलमध्ये तो घालायचा पॅच एक-दोन ओळींचा असतो. लिनक्स-वायरलेस या मेलिंग लिस्टवरच्या मंडळींना तो पाठवायला पदवी लागत नाही की ओळख लागत नाही. साधा मजकूर, कुठल्या डोंगलवर चालवून पाहिला ते, आणि खाली साइन्ड-ऑफ-बाय ही सहीची ओळ. ती सही दादांची असू दे. नव्या मुलाने ते पत्र कसं पाठवायचं ते शिकून घ्यावं, आणि टॅब-स्पेसच्या चुका तपासाव्या. पहिल्यांदा परत आलं तर सुधारून दुसऱ्यांदा पाठवा, जवळजवळ सगळ्यांचंच पहिलं परत येतं.

वेळेचं म्हणशील तर डेबियन १३ वर जाण्याचं काम मेच्या सुट्टीत उरका. जूनच्या मध्याला शाळा उघडतील तेव्हा मुलांच्या समोर नवी प्रतिमा असावी. तोवर मात्र थांबू नका. डेबियन १२ चा कोरा कर्नल आणि वेगळं बांधलेलं वायफायचं पॅकेज, एवढं याच महिन्यात सगळीकडे जाऊ दे. एयूएफएस नसल्याने काही आठवडे मशीनं आपोआप मूळपदावर येणार नाहीत, शिक्षकांना आठवड्यातून एकदा प्रतिमा नव्याने घालावी लागेल. त्यांना तू स्वतः फोन करून सांग, का ते सांग. आणि चिप कोणती निघाली ते मला कळव.